पाचबोटीचा काळा हात

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या नवऱ्याची खोड तो जिवंत असताना गेली, आणि मी त्यावर खूश झाले.

खोड चहाची होती. लग्न होऊन मी या घरात आले त्या सकाळपासून तेन्पाने माझ्या हातच्या चहाला कधी चांगलं म्हटलं नाही. लोणी जुनं आहे. मीठ कमी आहे. आज मीठ जास्त आहे. लाकडी नळीत नीट घुसळला नाहीस, लोणी वर तरंगतंय. पोरं झाली, मोठी होऊन काठमांडूला गेली, जुने याक मेले, नवे आले, तरी रोज सकाळी पहिला घोट घेऊन कपाळाला आठी घालणं काही चुकलं नाही. मी म्हणायचे, "वैद्याची जीभ आहे ना, मग औषधात चालव. चुलीपाशी कशाला आणतोस?" तो म्हणायचा, "जीभ एकच आहे बुटी. चुलीसाठी दुसरी कुठून आणू?"

मग ज्या वर्षी सगळ्या जगाला ताप आला, त्या वर्षी तो खिंड ओलांडून आमच्या डोल्पोतही आला. तेन्पा आडवा झाला तो पहिला बर्फ पडेपर्यंत. उठला तेव्हा गाल बसले होते, पण आपलीच नाडी आपण बघून म्हणाला, ठीक आहे. आणि त्या दिवसापासून चहाला नाव ठेवणं बंद. देईन तो चहा पितो, वाटी पुढे करतो, "छान" म्हणतो. मी पाणवठ्यावर सांगत सुटले, म्हातारपणी का होईना, नवरा सुधारला. देकी म्हणाली, "सुधारला कसला, थकला." देकीचं तोंड असंच आहे. माझ्या शेजारीच राहते.

तेन्पा हा वैद्याचा मुलगा, वैद्याचा नातू. आमच्याकडे वैद्य नाडी बघतो, लघवी बघतो, डोळ्याची पापणी उलटून बघतो, पण औषध मात्र जिभेने ओळखतो. डोळा फसतो, जीभ फसत नाही, हे त्याच्या बापाचं वाक्य. म्हणून रीत अशी की मुळी कुटायच्या आधी रोग्यासमोर वैद्याने तिचा तुकडा चावायचा. डोळे मिटायचे, चव सांगायची, गिळायचा. मग ती मुळी औषध झाली. तोवर ती नुसती मुळी.

त्याच्या सगळ्या मुळ्यांत मोठी मानाची म्हणजे पाचबोटी. वरच्या ओल्या कुरणात उगवते, जांभळट फुलांचा तुरा येतो. शहरातली माणसं तिला ऑर्किड म्हणतात आणि वाकून वाकून फोटो काढतात. फूल आमच्या काही कामाचं नाही. कामाचं ते मातीखाली. शरदात झाड उपटलं की खाली दोन हात निघतात, खरेखुरे, बोटांसकट. एक पांढरा, भरलेला, गोड. दुसरा काळा, सुकलेला, कडू. पांढरा देवाचा, काळा राक्षसाचा. पांढरा वाळवून औषधाला ठेवायचा. रक्त गेलेल्याला, बाळंतिणीला, जखम भरत नसेल त्याला द्यायचा. काळ्या हातांची पिशवी दारावरच्या तुळईला टांगायची. घरात शिरायला आलेलं काही वाईट असेल तर ते वर बघतं, आपल्याच कोणाचा तरी हात इथे कापून टांगलाय हे त्याला दिसतं, आणि माघारी फिरतं. नव्या वर्षाला जुने हात जाळायचे, पुन्हा शरदात नवे टांगायचे.

त्या हिवाळ्यात उंदरांनी औषधाची पेटी कुरतडली. तेन्पाने पांढऱ्या हातांची पिशवीही उचलून तुळईलाच टांगली, काळ्या पिशवीच्या शेजारी. दोन्ही कातडी पिशव्या एकाच धुरात काळ्या झालेल्या, आणि वाळून धुरकटले की आतले दोन्ही हातही सारखेच काळपट, सुरकुतलेले दिसतात. मी म्हटलं, गोंधळ होईल. तो म्हणाला, "माझा?" खरंच, त्याचा कसा होणार?

देकीची सून सांगमो त्याच हिवाळ्यात बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली रडली, पण सांगमोचं रक्त थांबेना. खाली दवाखाना आहे, पण खिंडीत माणूस बुडेल एवढा बर्फ होता, आणि आभाळ असं की हेलिकॉप्टर येईल म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. देकी आमच्या दारात आली तेव्हा पहिल्यांदाच तिच्याकडे बोलायला काही नव्हतं.

तेन्पाने पिशवी काढली आणि निघाला. मी मागोमाग गेले. सांगमो चुलीजवळ पडली होती, ओठ पांढरे. तेन्पाने नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग पिशवीतून एक मुळी काढली, एक बोट मोडलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. मीही.

"गोड आहे," तो म्हणाला. "चांगली आहे."

रक्त तसं दुसऱ्या दिवशी कमी झालं. त्यात मुळीचं किती, देकीने पोटावर बांधलेल्या पट्ट्याचं किती आणि नशिबाचं किती, कोणी सांगावं. पण सांगमोत जीव राहिला नव्हता, छातीत दुधाचा थेंब नव्हता. तेन्पा रोज पाचबोटी खलात कुटून भुकटी घेऊन जायचा, देकी ती दुधात उकळून सुनेला पाजायची.

औषधाचा खल मी एरवी शिवत नाही. वर्षातून एकदा, लोसार, म्हणजे आमचं नवं वर्ष, जवळ आला की घरातली सगळी भांडी धुते तेव्हा तोही धुते. आणि धुण्याआधी बोट ओलं करून तळाला चिकटलेली भुकटी चाटते. ती माझी दरवर्षीची चोरी. पाचबोटीची भुकटी गोड लागते, जिभेवर चिकट होते, लहानपणी आजी द्यायची तशी.

त्या वर्षी चाटली आणि तोंड कडू झालं.

मला वाटलं, खलात दुसरं काही कुटलं असेल. पुन्हा बोट लावलं. कडूच. मग नजर वर तुळईकडे गेली. स्टूल घेतलं, वर चढले, एका पिशवीत हात घातला. आतली मुळी काढून चावली. गोड होती. पिशवी भरलेली होती, हिवाळाभर कोणी तिला हात लावला नव्हता. दुसऱ्या पिशवीत, दाराच्या राखणीच्या पिशवीत, तळाला थोडे हात उरले होते. ते मी चावून बघितलेही नाहीत. सांगमोला हिवाळाभर आम्ही राक्षसाचा हात पाजत होतो.

देकीच्या घरापर्यंत मी कशी धावले मला आठवत नाही. वाटेत छोर्तेन, आमचा दगडी स्तूप, लागतो, त्याला कोणत्या बाजूने गेले तेही आठवत नाही. दार ढकललं तर सांगमो पाट्यापाशी बसून सातू चाळत होती. मुलगी छातीशी, चुटूचुटू पीत होती.

"काकू? काय झालं? केवढा दम लागलाय," ती म्हणाली.

"काही नाही. तुला बघायला आले."

"बघा की. हल्ली इतकं दूध येतंय की हिचं पोट भरून उरतं. परवा पाणी आणायला गेले होते, सासूबाई ओरडल्या."

गालांवर रंग होता तिच्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिने सातूची उंडी हातात दिली, ती मी खाल्ली, आणि मुलीच्या पायाला हात लावून परत आले.

घरी येऊन चहा केला. लोणी घातलं, घुसळला, मीठ घातलं नाही. एक कणसुद्धा नाही. आमच्याकडे बिनमिठाचा चहा कोणी कुत्र्यापुढेही ठेवणार नाही. तेन्पाने घोट घेतला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"छान."

"तेन्पा, मीठ नाही त्यात."

त्याने वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "कधीपासून कळलंय तुला?" म्हणाला.

"आत्ता. तुला कधीपासून कळलंय?"

"ताप उतरला तेव्हापासून. ताप गेला, जाताना जीभ घेऊन गेला. सातू खातो तर लोकर चावल्यासारखं लागतं. वास नाही, चव नाही. वाटलं, येईल परत."

"आणि सांगमोसमोर डोळे मिटून गोड म्हणालास?"

"मग काय म्हणायचं होतं? तिचं रक्त जात होतं बुटी. देकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिथे वैद्याने तोंड वाकडं केलं असतं तर ती पोर भीतीनेच गेली असती. मुळी तर माझीच होती, माझ्याच पिशवीतली, वर्षानुवर्षं ओळखीची."

मी तळाला थोडे हात उरलेली ती पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आत बघितलं. मग वर तुळईकडे बघितलं. माझ्या नवऱ्याचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

"सांगमो," एवढंच म्हणाला.

"बरी आहे. सातू चाळतेय. दूध मावत नाहीये तिला. आत्ता बघून आले."

तो रडला. माझ्यासमोर तो फक्त बापाच्या मरणात रडला होता. मी पाठीवर हात ठेवून बसले, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. आपलेच दात आपलेच ओठ, ओरडणार कोणावर? त्याच्या रोजच्या कटकटीवर मी आयुष्यभर चिडले, आणि घर गप्प झालं तेव्हा ते का गप्प झालं हे मला कळलं नाही. त्याचंही वाईट वाटलं.

डोळे पुसून तो म्हणाला, "नशीब तिचं. तरुण शरीर, आपोआप सावरलं. आता झाकली मूठ सव्वा लाखाची. काळे हात जाळून टाकू, कोणाला कळणार नाही."

"नशिबाने दूध येतं?"

"मग कशाने? राक्षसाच्या हाताने?"

"ते मला काय ठाऊक. वैद्य तू आहेस. पण ती हिवाळाभर तेच प्यायली आणि उभी राहिली. आणि झाकलेल्या मुठीने औषध देता येत नाही तेन्पा. मूठ उघडावीच लागते."

पण ती पिशवी त्याने जाळली नाही. लोसारला चुलीत नुसत्या धुपीच्या वासाच्या डहाळ्या टाकल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढे कोणी औषध मागायला आलं की म्हणायचा, खांदा दुखतोय, कुटता येत नाही. लोक म्हणायचे, वैद्याला औषध द्यायला कोणी वैद्य आणा. तो हसायचा. मग दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायचा. त्याच्या घरात कितीतरी पिढ्यांची वैद्यकी होती, ती आपल्या तोंडात येऊन संपली असं त्याला वाटत होतं. तोंडाने बोलला नाही, पण मी त्याची बायको आहे.

बर्फ वितळलं आणि मुखियाने गावाला खळ्यावर बोलावलं. विषय कुरणाचा होता. खालचे व्यापारी पाचबोटी पोत्याने मागू लागल्यापासून पोरं झाड फुलायच्या आधीच उपटत होती. फूल नाही म्हणजे बी नाही. पूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे आता शोधावी लागे. मुखिया लोतेन शांत माणूस आहे, पण त्या दिवशी काठी आपटून बोलला. "कुरण बंद. काही वर्षं कोणी एक मुळी काढायची नाही. वैद्यानेसुद्धा नाही."

रिगझिनही तिथे बसली होती. ती खालच्या खोऱ्यातली मुलगी, काठमांडूत शिकली, झाडं आपल्यासाठी काय काय रसायनं बनवतात आणि त्यातलं माणसाच्या कोणत्या उपयोगाचं, हे शोधायचं तिचं काम. याआधीही दोनदा आली होती, पाचबोटीचे तुकडे मागायला. तेन्पाने तिला दोन्ही वेळा चहा पाजून वाटेला लावलं होतं. "माझी जीभ सांगते ते तुझं यंत्र काय वेगळं सांगणार?" असं म्हणाला होता. तीही हसून म्हणाली होती, "काका, तुमची जीभ मला काठमांडूला नेता येत नाही ना."

लोतेनचं बोलणं संपलं तशी देकी उठली. "बंद करा, जरूर करा. आणि पुढच्या बाळंतिणीला काय द्यायचं? मुखियाची काठी उकळून? माझी सून त्या मुळीवर जगली. विचारा वैद्यांना."

सगळ्यांनी तेन्पाकडे बघितलं. मी त्याच्या शेजारीच होते. पण ही मूठ त्याची होती.

तो उठला. "देकी, तुझी सून देवाच्या हातावर जगली नाही," म्हणाला. "तापाने माझी जीभ गेली. मला चव कळत नाही. मी त्या दिवशी गोड म्हणालो ते खोटं होतं. पिशवी चुकली होती. हिवाळाभर सांगमोने काळा हात घेतला."

मागे कुठेतरी एकजण खुदकन हसला आणि गप्प झाला.

देकी दोन पावलं पुढे आली. "माझ्या सुनेच्या पोटात राक्षसाचा हात घातलास?"

"हो."

"आणि वर गोड म्हणालास?"

"हो."

"थू," देकी म्हणाली. "वैद्य म्हणे."

तेव्हा मागून सांगमोचा आवाज आला. मुलीला पाठीशी बांधून ती उभी होती. "कडू होतं ते," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते सासूबाई. तुम्हीच म्हणालात, औषध कडूच असतं, नाटकं करू नकोस, पी."

सगळं खळं हसलं. लोतेनसुद्धा काठीवर हनुवटी टेकवून हसला. फक्त देकी हसली नाही आणि तेन्पा हसला नाही. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

हसू ओसरल्यावर रिगझिन उभी राहिली. "काका, ते काळे हात उरलेत?"

"थोडे आहेत."

"मला द्याल? आम्ही सगळे पांढराच तपासत आलोय. काळा कोणी आणूनच देत नाही. तो म्हणजे गेल्या वर्षीचा हात, यंदाचं झाड त्याच्यावर वाढलेलं असतं. शरदात त्याचं काम संपतं, तो मातीत कुजणारच असतो. पांढरा हात म्हणजे पुढच्या वर्षीचं झाड. तुम्ही पांढरा काढता म्हणजे पुढचं झाडच काढता."

लोतेनने मान वर केली. "म्हणजे काळ्यात औषध निघालं तर?"

"तर पांढरा परत मातीत ठेवता येईल. पण निघेलच असं नाही. एक बाई बरी झाली, त्यावरून काही ठरत नाही."

लोतेन म्हणाला, तोवर कुरण बंद. तेन्पा घरी गेला, पिशवी घेऊन आला आणि दोन्ही हातांनी रिगझिनच्या ओंजळीत ठेवली. शेजारी भरलेली दुसरी पिशवीही ठेवली. मी त्याला इतका हलका चालताना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

पण तो उन्हाळा वाईट गेला, तेही सांगायला हवं. लोक नाडी दाखवायला येईनात. साधं डोकं दुखलं तरी खाली दवाखान्याच्या वाटेला लागत. देकी आम्हाला बघून छोर्तेनला उलट्या बाजूने जायची, जे आमच्या पंथात कोणी करत नाही, केवळ आमची सावली नको म्हणून. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं बुटी, नवरा आता चहाला काय म्हणतो?" मी म्हणायचे, "माझा निदान खरं बोलला. तुझा बोलेल तेव्हा मला बोलाव." एवढं बोलून घागर उचलायचे आणि घरापर्यंत डोळे भरलेले असायचे.

शरदात रिगझिन आली. चहा ठेवायच्या आधीच फोन काढला आणि तेन्पाला दाखवला. मीही वाकले. पांढऱ्या पट्टीवर दोन उभ्या ओळी होत्या. तिने समजावलं, एका ओळीच्या तळाशी पांढऱ्या हाताचा रस लावला, दुसरीच्या तळाशी काळ्याचा. लोणी सांडलं की डाग कापडात वर चढतो, तसे ते रस पट्टीत वर चढले आणि जाता जाता त्यातलं एकेक द्रव्य आपापल्या उंचीवर थांबलं. दोन्ही ओळींत एकाच उंचीवर एक डाग होता. पहिल्या ओळीत गडद. दुसरीत फिका, पण होता.

"जखम भरायला मदत करत असावं असं ज्या द्रव्याबद्दल आम्हाला वाटतं, ते हे," ती म्हणाली. "काळ्यात कमी आहे, पण आहे. आम्ही ज्या विषांसाठी तपासलं त्यातलं त्यात काही सापडलं नाही. दुधाचं मला अजून काही सांगता येत नाही. खूप काम बाकी आहे काका."

तेन्पा त्या फिक्या डागाकडे बघत राहिला. "दारावर टांगत होतो," म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा बाप, त्याचा बाप. कोणी चुकलंच नाही म्हणून कोणाला कळलं नाही."

"तुझी जीभ गेली म्हणून कळलं," मी म्हटलं.

"मग बरं झालं म्हणू?"

"म्हणू नकोस. पण गेली ती फुकट गेली नाही."

बी झडून गेल्यावर लोतेनने कुरण उघडलं, पण नव्या रीतीने. व्यापाऱ्याला एक मुळीही नाही. गावापुरतं काढायचं, हाताने माती सैल करायची, काळा हात वेगळा करायचा, आणि पांढरा होता तसा पुन्हा मातीत ठेवून वर ओला गवताचा गड्डा दाबायचा. म्हातारे कुरकुरले की देव पुरून राक्षस घरी न्यायचा हे कसलं शहाणपण. तेन्पा गुडघ्यावर बसून पांढरे हात पुरत होता. म्हणाला, "देवाला घरी कशाला नेता, त्याला त्याच्या जागी राहू द्या. राबायला राक्षस बरा."

दारावर मात्र आता काही टांगलेलं नव्हतं. मला सुरुवातीला भीती वाटली. मग सवय झाली.

त्याच हिवाळ्यात एकदा दार वाजलं. देकी होती. तिच्या मुलाच्या पायावर कुऱ्हाड निसटली होती, खिंड बंद व्हायच्या आधी टाके खाली दवाखान्यात घालून आणले होते, पण जखम नीट भरत नव्हती आणि पोरगा खात नव्हता. ती आत आली, बसली, आणि तेन्पाकडे न बघता विचारलं, "चाखणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी तसं ठरवलं होतं. नाडी त्याची, जीभ माझी. उन्हाळाभर तो मला शिकवत होता. गोडात किती प्रकारचं गोड असतं, कडू जिभेच्या कुठल्या भागावर उतरतं, काय थुंकायचं आणि काय गिळायचं, सगळं. तो त्याला आठवत होतं त्यावरून सांगायचा आणि मी चावून हो किंवा नाही म्हणायचे. कधी कधी डोळे मिटून मला विचारायचा, "आता कसं लागतंय? सांग ना, कसं लागतंय?" मला शब्द सापडायचे नाहीत. तरी सांगायचे.

मी काळ्या हाताचं एक बोट मोडलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. "कडू. मागून तुरट. शेवटी किंचित चिकट. चांगली आहे," म्हटलं आणि गिळलं.

"खोटं तर नाही ना?" देकी म्हणाली.

"घे, तूच बघ."

तिने चावलं. चेहरा असा केला की मला हसू आवरेना. "राक्षसाचाच आहे," ती म्हणाली आणि भुकटीची पुडी कमरेच्या पट्ट्यात खोचली. दारात थांबली, वळली. "वैद्यबाबा, पोराची नाडी बघायला सकाळी या. आणि याल तेव्हा तिलाही आणा." छोर्तेनला ती त्या दिवशी बरोबर बाजूने गेली. मी मुद्दाम दारातून बघितलं.

रिगझिनचं काम अजून चाललंय. मध्येच येते, नवे डाग दाखवते, कधी खूश असते, कधी वैतागलेली. काळ्या हाताने सगळ्यांनाच गुण येत नाही, तेही तेन्पा तिला सांगतो, आणि ती ते लिहून घेते. औषधाचं तिच्या पद्धतीने ठरायला वेळ लागेल. कुरणाला मात्र वेळ लागला नाही. पुरलेल्या हातांतून पहिल्याच उन्हाळ्यात बरीच झाडं उगवली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यामध्ये कोवळी बारीक पानं दिसू लागली. या वर्षी आम्ही दोघं वर गेलो तेव्हा ओढ्याच्या दोन्ही काठांना जांभळे तुरे होते. सांगमोची मुलगी आमच्याबरोबर होती, तिला आता धावता येतं. तिला ओरडून ओरडून माझा घसा बसला, कारण ती फुलांमधूनच धावत होती. तेन्पा म्हणाला, "धावू दे. मुळावर उठत नाहीये ना."

खाली आलो तेव्हा दोघांचे पाय दुखत होते. मी चूल पेटवली, चहा केला, लोणी ताजं घातलं, नळीत भरपूर घुसळला. दमले होते, फुलांचाच विचार डोक्यात होता, आणि नंतर लक्षात आलं की मीठ एकदा टाकलं होतं तरी पुन्हा टाकलं. ओतून देणार होते, तेवढ्यात त्याने वाटी उचलली.

घोट घेतला. वाटीत बघितलं. मग कपाळाला आठी घातली, किती वर्षांपूर्वीची ती जुनी आठी, आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. खारट, अळणी त्याला सगळं सारखंच. तो वाटी माझ्यापुढे धरून बसला होता, ओठ आवळून, कटकट्या म्हाताऱ्यासारखा, आणि डोळ्यांत मात्र हसत होता.

"तुला कधी पटलंय?" मी म्हटलं. उठले, मिठाच्या डब्यातून आणखी चिमूटभर घेतलं, त्याच्या वाटीत टाकलं आणि माझ्याही. मग दोघांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.